‘कापूस’ शोधला, ‘कापसाला’ का सापडत नाही?

संगणकावर एखादा शब्द टाइप करावा आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पानांची लांबलचक यादी समोर यावी, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. त्यामुळे अशी समजूत होते, की शब्द दिल्याबरोबर शोधयंत्र जगभर धावत सुटते आणि पाने चाळते. प्रत्यक्षात त्या वेळी ते तसे काहीच करत नाही. चाळण्याचे काम आधीच उरकलेले असते. आपण विचारतो तेव्हा फक्त तयार सूची पाहिली जाते.

पाने गोळा करणाऱ्या प्रोग्रामला क्रॉलर म्हणतात. एका पानावरील दुवे धरून तो दुसऱ्या पानावर जातो, तेथून तिसऱ्यावर. ‘या दालनात येऊ नये’ अशी पाटी संकेतस्थळाच्या मालकाला एका छोट्या फाइलमध्ये लावता येते. ही प्रथा १९९४ साली सुरू झाली, आणि सभ्य क्रॉलर ती पाळतात.

आता सूची कशी होते ते वर्गात करून पाहू या. फळ्यावर तीन ‘पाने’ लिहू :

१. कापसाला काळी माती मानवते.
२. काळी माती पाणी धरून ठेवते.
३. कापसाला पाणी बेताने द्यावे.

पानापुढे शब्द लिहिण्याऐवजी आपण उलटे करायचे, म्हणजे शब्दापुढे पानांचे आकडे लिहायचे. कापसाला – १, ३. काळी – १, २. माती – १, २. पाणी – २, ३. कोणी ‘माती पाणी’ असे विचारले, तर दोन याद्यांत समान असलेला आकडा तेवढा काढायचा : २. वाक्ये पुन्हा वाचावी लागली नाहीत, हे मुलांच्या चटकन लक्षात येते. यंत्र शब्दाचे पानातील स्थानही टिपून ठेवते, म्हणून ‘काळी माती’ हे शब्द शेजारी-शेजारी आहेत की दूर, हेही त्याला सांगता येते. या रचनेला व्यस्त सूची म्हणतात. कल्पना जुनीच आहे. बायबलमधील शब्दांची अशी सूची पॅरिसच्या डॉमिनिकन साधूंनी तेराव्या शतकात हाताने केली होती.

कोणते पान वर दाखवायचे, हा पुढचा प्रश्न. ‘आहे’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानात असतो, म्हणून तो जुळल्याने काही कळत नाही. दुर्मीळ शब्द जुळला तर त्याला वजन जास्त. हा विचार केरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडला. १९९८ साली ब्रिन आणि पेज यांनी त्यात, कोणत्या पानाकडे किती आणि कसले दुवे येतात, याची भर घातली.

आता याच फळ्यावर ‘कापूस’ शोधा. उत्तर शून्य! सूचीत ‘कापसाला’ आहे, ‘कापूस’ नाही. इंग्रजीत शब्दाच्या शेवटची काही अक्षरे छाटून बरेच काम भागते. पोर्टर यांची १९८० सालची रीत तशीच आहे. मराठीत ‘ला’ छाटले तरी ‘कापसा’ उरते. विभक्ती लागताना मूळ शब्दच आतून बदलतो : देऊळ–देवळात, पाऊस–पावसाने. उलट, ‘ने’ दिसला की छाटायचा असे ठरवले, तर ‘सोने’चा ‘सो’ होतो. आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो ते सामान्यरूप येथे असे आडवे येते! मोठ्या शोधयंत्रांनी आता शब्दाचा संदर्भ ओळखण्यात बरीच मजल मारली आहे. पण अक्षरास अक्षर जुळवणाऱ्या साध्या यंत्रात ‘कापूस’ आजही हरवतो.

याहून मोठी अडचण अक्षरांची. यंत्राला आकार दिसत नाही, क्रमांक दिसतो. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५. पूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये मात्र रोमन अक्षरांचेच क्रमांक वापरून त्यांवर देवनागरी आकार चढवलेले असत. वाचणाऱ्याला सुरेख मराठी, यंत्राला निरर्थक रोमन अक्षरे! आमच्या मते, मराठीतील कितीतरी चांगला मजकूर यामुळेच असून नसल्यासारखा आहे. युनिकोडमध्येही एक खोच आहेच. ‘तऱ्हा’मधला अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह जोडून. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. त्यांना एक मानायचे, हे त्याला मुद्दाम सांगावे लागते.

आपल्या शाळेच्या जुन्या टिपणांची अवस्था तपासणे सोपे आहे. संगणकावर त्यातील एक ओळ निवडून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवा. मराठी उमटली तर यंत्र ती वाचू शकते. रोमन अक्षरे उमटली तर फॉन्ट जुना आहे. ओळ निवडताच येत नसेल, तर ते केवळ छायाचित्र आहे. त्यातील अक्षरे ओळखणारे प्रोग्राम आहेत, पण पुसट छपाईत ते जोडाक्षरांशी अडखळतात. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रामही मिळतात. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी तेवढी एकदा डोळ्यांखालून घालावी.