दीड टनाचा हिशेब

लाल मातीचं पोतं मे महिन्यात 40 किलोचं असतं आणि जुलैत तेच 50 वर जातं, कारण माती पाणी पिते. पिकअपच्या शोरूममधल्या मुलाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, आपली गाडी दीड टन आरामात ओढते." ओढत असेलच. मला विचारायचं होतं ते वेगळं: दीड टन म्हणजे माझी पोती किती, ओली धरून?

नवी मुंबईत सीवूड्सला माझी नर्सरी आहे. आसपासच्या सोसायट्यांच्या बाल्कन्या, गच्च्या, पोडियमवरच्या बागा आम्ही करतो. माती कर्जत-खालापूरकडून येते, रोपं बहुतेक उरुळी कांचनहून. आतापर्यंत सगळा भार एका जुन्या छोट्या हत्तीवर होता. टाटाने 2005 साली बाजारात आणलेल्या त्या एसने महाराष्ट्रातल्या किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या असतील, कोण जाणे. पण काम वाढलं, एका खेपेच्या दोन होऊ लागल्या, तेव्हा मोठी पिकअप घ्यायचं ठरलं. मग जो भेटेल तो सल्ला देऊ लागला. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, डोळे झाकून बोलेरो घ्या." हिशेब बघणारा भाचा टाटाच्या बाजूचा. आणि धाकटे दीर, ज्यांना पोतं कधी उचलावं लागलेलं नाही, ते म्हणाले, "वहिनी, घ्यायचीच तर हायलक्स घ्या. पाम बीच रोडवर काय दिसते!"

दिसते खरी. टोयोटाने ती 2022 साली भारतात आणली तेव्हा शोरूममधली किंमत 33 लाख 99 हजारांपासून पुढे होती. 2.8 लिटरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिकमध्ये 204 हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, लांबी 5 मीटर 32 सेंटिमीटर. तिच्याच जातीची इसुझूची व्ही-क्रॉस आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यातून येते. दोन्हींत पाच माणसं ऐसपैस बसतात, त्यामुळे मागचा हौदा आखूड होतो, आणि हायलक्सची भारवहन क्षमता अर्ध्या टनाच्या आतच राहते. म्हणजे माझी कोरडी पोती फार तर अकरा. अमेरिकेत फोर्डची एफ-150, शेवरोलेची सिल्व्हराडो आणि रॅम या तिघींची तुलना घराघरांत चालते, पण त्या गाड्या सहा मीटरच्या आसपास लांब आणि आरसे सोडून दोन मीटर रुंद. सेक्टर 48 च्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असताना तसली एक आत शिरली, तर संध्याकाळपर्यंत बाहेर निघायची नाही. ज्याला डोंगरात भटकायचं आहे, होडी किंवा मोटारसायकल ओढायची आहे, त्याने हायलक्स जरूर घ्यावी. मालासाठी घेऊ नये.

मालाची खरी लढत आपल्याकडे दुसरीच आहे, आणि तिच्यातले दोन मोठे पहिलवान महाराष्ट्राचेच. महिंद्राने मुंबईत माझगावला जीप जुळवायला घेतली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. आजच्या बोलेरो पिकअपचं कूळ तिथवर जातं. टाटांची, तेव्हाच्या टेल्कोची, पहिली पिकअप म्हणजे पुण्यात घडलेली टाटामोबाइल, साल 1988. पुढे तिचीच 207 झाली, आणि 2017 मध्ये त्या जागी योद्धा आली. तिसरी कंपनी चेन्नईची अशोक लेलँड. तिचा दोस्त 2011 चा आणि बडा दोस्त 2020 चा.

आज दुकानात उभं राहिलं की चित्र साधारण असं दिसतं. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप 2023 च्या एप्रिलमध्ये नव्या रूपात आली, तेव्हा किंमत 7 लाख 85 हजारांपासून सुरू होत होती. तिच्यात दोन घराणी आहेत: शहरातल्या फेऱ्यांसाठी सिटी, जड मालासाठी एचडी. एचडीतली सगळ्यात मोठी दोन टन घेते आणि तिचा हौदा 3,050 मिलिमीटरचा, म्हणजे दहा फूट. टाटाने 2022 च्या सप्टेंबरमध्ये योद्धा 2.0 आणली, तीही दोन टनांची. आणि त्याच दिवशी इंट्रा व्ही50, जी दीड टनांची, 2,960 मिलिमीटर हौद्याची, तेव्हा 8 लाख 67 हजारांना. महिंद्राची व्हीरो 2024 ची, वरच्या क्षमतेत 1.6 टनांपर्यंत जाणारी, आणि ड्रायव्हरसमोर एअरबॅग देणारी. या वर्गात ड्रायव्हरच्या जिवाची एवढी काळजी कोणी घेत नसे, म्हणून ते मला आवडलं.

आता माझ्या पोत्यांकडे येते.

माहितीपत्रकात जो भार लिहिलेला असतो, तो म्हणजे गाडीच्या परवानगी असलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केल्यावर उरतं ते. इंट्रा व्ही50 चं एकूण वजन 2,940 किलो. त्यात दीड टन माल. पण ड्रायव्हर आणि हेल्पर यांचं वजनही शेवटी काट्यावर मोजलं जातंच. दोघांचे दीडशे किलो धरा. रोपांना वारा लागू नये म्हणून मी हौद्यावर लोखंडी पिंजरा बसवणार, वर ताडपत्री, त्याचे शंभर. उरले साडेबाराशे. कोरड्या मातीची 31 पोती, पावसाळ्यात 25. आणि एवढी माती मोकळी ओतली तर दहा फुटी हौद्यात जेमतेम वीतभर चढते. इथेच लोक फसतात. हौदा रिकामा दिसतो, म्हणून अजून दहा पोती टाकली जातात. मोटार वाहन कायद्यात जादा भाराला 20 हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. शिवाय पाटे बसतात, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कोलीत मिळतं. रोपांचं उलटं. जास्वंद, मोगरा, अरेका पाम यांनी हौदा काठोकाठ भरतो, वजन मात्र टनाच्या आत. तेव्हा माती वाहणाऱ्याने किलो बघावे, रोपं किंवा गाद्या किंवा थर्माकोल वाहणाऱ्याने फूट बघावेत. माझ्यासारखे जे दोन्ही वाहतात त्यांनी दोन्ही बघावं आणि दोन टनांच्या जाहिरातीला भुलू नये.

भुलू नये म्हणते त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते शोरूममध्ये आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. एकूण वजन 3,000 किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलं की लागतं. व्ही50 चे 2,940 किलो हा योगायोग नाही. बडा दोस्तचा आय3 प्रकार 2,990 किलोंचा आहे, तोही नाही. दोन टन माल घेणाऱ्या बोलेरो एचडी आणि योद्धा साहजिकच त्या रेषेपलीकडच्या. परमिट म्हणजे काही डोंगर नव्हे, पण एक कागद, त्याची मुदत, आणि नाक्यावर विचारणारा एक माणूस वाढतो. ज्याला रोज दोन टनांचा माल आहे त्याने तो कागद खुशाल काढावा. ज्याला महिन्यातून एकदा लागतो, त्याने त्या दिवशी भाड्याची गाडी बोलवावी.

लायसनची धास्ती मात्र आता नको. हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर 7,500 किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलं. त्यामुळे गरज पडली तर मीही स्टिअरिंगवर बसते. शेजारच्या करावे गावाच्या गल्लीत म्हातारी माणसं अजून वळून बघतात, बघू देत.

पैशांचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, आणि धंद्याची जीएसटी नोंदणी असेल तर तो भरलेला कर वळताही करून घेता येतो. दुसऱ्या बाजूने, महाराष्ट्रात 1 जुलै 2025 पासून 7,500 किलोंपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना 7 टक्के एकरकमी कर भरावा लागतो. सक्तीचा तृतीय पक्ष विमा 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे 16 हजार 49 रुपये, तोही जीएसटी सोडून. नवी असताना दर दोन वर्षांनी, आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. हे सगळं धरून हप्ता मांडा. शोरूममधली किंमत भिंतीवर लावायला ठीक.

इंजिनावरून आमच्याकडे दोन संध्याकाळी भांडण झालं. बोलेरो एचडीचं इंजिन अडीच लिटरचं, 80 च्या आसपास हॉर्सपॉवर, 220 न्यूटन मीटर जोर. इंट्रा व्ही50 चं दीड लिटरचं, आणि आकडे जवळपास तेच: 80 आणि 220. भाचा म्हणे, मग कमी डिझेल पिणारं छोटं घ्या. ड्रायव्हर म्हणे, आकडे सारखे असले तरी ओढ सारखी नसते. माझ्या मते दोघांचंही अर्धं बरोबर. छोटं इंजिन तेवढा जोर टर्बोच्या हवेवर काढतं, त्यामुळे फेरे वाढेपर्यंत ते जरा वाट बघायला लावतं. मोठं इंजिन खालूनच उचलतं. चढावर थांबून पुन्हा निघायचं असेल तर हा फरक पायाला कळतो. योद्धाचं 2.2 लिटरचं इंजिन 100 हॉर्सपॉवर आणि 250 न्यूटन मीटरचं, ते या बाबतीत दोघांच्या पुढे.

पण मी माझा रस्ता आठवला. उरुळी कांचनला जाताना बोरघाट रिकाम्या गाडीने चढायचा आहे. भरलेली गाडी घाट उतरते. शोरूममध्ये प्रत्येक जण चढ सांगत होता, आणि माझा प्रश्न उताराचा होता. उतारावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या ओढीने आवरायची असते. नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पाय खाली जातो. मोठं इंजिन इथे जास्त आवरून धरतं, हे खरंच. मात्र माझी रोपांची खेप टनाच्या आत, त्यामुळे एवढ्यासाठी मोठ्या इंजिनाचं डिझेल रोज जाळणं मला पटेना. माती भरून घाट चढवणारा असता तर मी उलट सांगितलं असतं.

सीएनजीचाही विचार केला. इंट्राची व्ही20 सीएनजीवर चालते, सोबत पेट्रोलचीही टाकी, माल एक टन. बोलेरो सिटीतही सीएनजी आहे. वाशी मार्केट ते खारघर अशा ठरलेल्या फेऱ्या असतील तर नक्की परवडतं. पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ मात्र हिशेबात धरा, ड्रायव्हरचा पगार त्या वेळेतही चालूच असतो. विजेवरची एस ईव्हीही आता एक टनाची मिळते. सेक्टरातल्या सेक्टरात पाण्याचे जार किंवा किराणा पोचवणाऱ्याने ती आधी बघावी.

आणि एक फरक बाहेरूनच दिसतो. बोलेरो आणि योद्धाला पुढे नाक आहे, इंजिन बॉनेटखाली. इंट्रा आणि दोस्तमध्ये इंजिन केबिनखाली असतं. नाकवाल्या गाडीत मेकॅनिकला उभ्याने काम करता येतं, आणि समोरून धडक बसली तर माणसापुढे थोडं लोखंड असतं. बिननाकवाल्या गाडीत तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळतो आणि गल्लीत वळताना पुढचं टोक डोळ्यांसमोर राहतं. सोसायटीच्या फाटकात, बेसमेंटच्या उतारावर आणि पोडियमच्या आडव्या दांड्याखाली मी मोजपट्टी घेऊन फिरले. पिंजरा लावल्यावर कुठलीच पिकअप त्या दांड्याखालून जात नाही. म्हणून पिंजरा उतरवता येईल असा, नटबोल्टचा करून घेतला. फाळका उघडल्यावर हौद्याची जमिनीपासूनची उंचीही मोजा. आमचे दोन हेल्पर दिवसभर पोती चढवतात-उतरवतात. पट्टीभर उंची कमी असली तरी संध्याकाळी त्यांच्या कमरेला कळते.

मी इंट्रा व्ही50 घेतली. परमिटच्या रेषेखाली राहून हौदा जवळजवळ दहा फुटांचा, आणि माझ्या कामाला तेवढं पुरे. ड्रायव्हरला अजून बोलेरोच हवी होती, आणि त्याचं म्हणणं पोकळ नाही. संगमेश्वरला माझ्या मावसभावाने आंब्याच्या पेट्यांसाठी बोलेरो घेतली, तीच त्याला योग्य. कलमांच्या बागेतून कच्च्या रस्त्याने वर यायचं, रात्री वाशीच्या फळबाजारात पोचायचं, वाटेत काही मोडलं तर कुठल्याही गावात हात लावणारा मेकॅनिक हवा. शिवाय जुन्या बाजारात बोलेरोला गिऱ्हाईक पटकन मिळतं. खडी, वाळू, सिमेंट वाहणाऱ्याने योद्धा आणि बोलेरो एचडी या दोघींतच निवड करावी, बाकीच्यांकडे बघूही नये.

ट्रायलला गाडी रिकामी देतात. रिकामी पिकअप सगळ्याच कंपन्यांची छान पळते. तुमचा नेहमीचा माल भरूनच ट्रायल मागा, सोबत रोज चालवणारा ड्रायव्हर न्या, वाटेत कळंबोलीच्या एखाद्या वजनकाट्यावर गाडी चढवून पावती घ्या, आणि त्या पावतीवरचा आकडा माहितीपत्रकाशी ताडून मगच सही करा. जो विक्रेता भरलेली ट्रायल द्यायला तयार नाही, त्याच्याकडचा चहा पिऊन पुढच्या शोरूममध्ये जा.