गैरसोयीच्या सदरात

सदोष मोटारीची वर्दी मालकाला देण्याचे बंधन अमेरिकेच्या कायद्याने १९६६ साली कारखानदारावर घातले आणि १९७४ च्या दुरुस्तीने ती विनामूल्य नीट करून देण्याची जबाबदारीही त्याच्या गळ्यात बांधली. परंतु दोषाला दोष म्हणून दप्तरात नोंदवणारा हात मात्र कारखानदाराचाच राहिला, आणि जनरल मोटर्सचे प्रकरण मुळाशी जाऊन पाहता सारा अनर्थ तेथेच आढळतो.

इग्निशन स्विचमध्ये चावी फिरताना जितका अटकाव व्हावा तितका होत नाही, हे ठाऊक असतानाही २००२ मध्ये त्या स्विचला मंजुरी मिळाली. पुढे शेव्हरोले कोबाल्टसारख्या गाड्यांत, चावीच्या जुडग्याच्या भाराने वा चालकाच्या गुडघ्याच्या धक्क्याने चावी मागे सरके, भर रस्त्यात इंजिन बंद पडे, स्टीअरिंग जड होई, आणि नेमक्या अपघाताच्या क्षणी एअरबॅग मिटलेल्याच राहत. तक्रारी आल्या, तेव्हा २००५ च्या डिसेंबरात विक्रेत्यांना परिपत्रक गेले: ग्राहकांना जुडग्यातील अनावश्यक वस्तू काढून टाकण्यास सांगावे! एअरबॅगचा संबंध ध्यानी न आल्यामुळे हा विषय ग्राहकाच्या गैरसोयीच्या सदरात पडून राहिला. कंपनीने नेमलेल्या चौकशीच्या २०१४ मधील अहवालात तेथील बैठकांची एक रीत नमूद आहे: हातांची घडी घालून दोन्ही हातांची बोटे शेजाऱ्यांकडे रोखायची, म्हणजे जबाबदारी त्यांची. कचेरीत उमर घालवलेल्या कोणालाही ही मुद्रा अपरिचित वाटू नये.

याहून गंभीर गोष्ट २००६ ची. स्विचमधला खटका बदलण्यात आला, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. परिणामी नव्या गाड्यांत अपघात का घटले याचा उलगडा कंपनीच्याच तपासनिसांना वर्षानुवर्षे होईना. अखेर एका दाव्यातील वादीपक्षाच्या तज्ज्ञाने जुना व नवा स्विच उघडून शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा कोठे तो फरक उजेडात आला.

२०१४ च्या फेब्रुवारीत गाड्या परत मागवण्यास आरंभ झाला. संख्या वाढत सुमारे २६ लाखांवर गेली, आणि कंपनीच्या भरपाई-निधीने १२४ मृत्यूंचे दावे ग्राह्य धरले. पंधरा कर्मचारी बडतर्फ झाले. २०१५ मध्ये सरकारशी तडजोड होऊन कंपनीने ९० कोटी डॉलर भरले. व्यक्तिशः आरोप कोणावरही ठेवला गेला नाही, आणि त्या तडजोडीनुसार तहकूब ठेवलेला कंपनीवरील खटलाही २०१८ मध्ये रीतसर काढून टाकण्यात आला.