पावले ऐकायची, पण कान राखून

शत्रूची पावले कोणत्या बाजूने वाजतात हे ओळखण्यासाठी गेम खेळणारे हेडफोनला पसंती देतात, कारण स्पीकरवर ही दिशा तितकी नेमकी कळत नाही. गडबड होते ती इथेच. बारीक पावले ऐकू यावीत म्हणून आवाज चढवला जातो आणि पुढच्याच क्षणी गोळीबारही त्याच पातळीवर कानावर आदळतो. ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’मधील २०२४ च्या आढाव्यात गेममधील असे क्षणिक आवाज ११९ डेसिबलपर्यंत गेल्याची नोंद आहे.

मग स्पीकर निर्धोक का? तसे नाही. आवाज कशातून आला याच्याशी कानाला देणेघेणे नसते. तो किती मोठा आणि किती वेळ, एवढेच महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलची. स्पीकरचा आवाज मोठा झाला की निदान स्वयंपाकघरातून ‘अरे, बारीक कर!’ अशी हाक येते. हेडफोनमधले कुणालाच ऐकू जात नाही. त्यात पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न. त्यांच्यावर मात करायला आवाज आणखी वाढतो. म्हणूनच बाहेरचा गोंगाट अडवणारे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन बरे.

काही गेममध्ये ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो. पावलेही सुटत नाहीत.

खेळ थांबल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानावर ताण आला असे समजावे. आतल्या कानातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. शिट्टी दुसऱ्या दिवशीही टिकली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.