गुरुभेट कशी घडते?

परमार्थाची ओढ लागलेल्या मनुष्यास गुरू कोठे व कसा भेटतो, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा एका वाक्यात दिले जाते. शिष्याची तयारी झाली, की गुरू आपण होऊन येतो, असे ते उत्तर. ते ऐकण्यास गोड आहे. परंतु महाराष्ट्रातील संतांची चरित्रे जरा बारकाईने पाहिली, म्हणजे ते अपुरे वाटू लागते. कोणास गुरू रानात वाट चुकल्यामुळे भेटला, कोणास मानभंग झाल्यावर त्याच्याकडे जावे लागले, कोणी त्याच्यासाठी घर सोडले, तर कोणास तो केवळ स्वप्नात दिसला. ह्या कथा पुष्कळ अंशी परंपरेने आलेल्या आहेत व त्यांतील प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीस उतरेलच असे नाही. तथापि खरी गुरुभेट कोणती, ह्याविषयीची अनेक पिढ्यांची समजूत त्यांत साठविलेली आहे, आणि ती आजही उपयोगी पडण्याजोगी आहे.

प्रथम निवृत्तिनाथांची कथा घेऊ. विठ्ठलपंत आपल्या कुटुंबासह त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ समोर आला. सर्वांची पळापळ झाली, बालवयातील निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला आणि तेथे त्यास गहिनीनाथ भेटले. येथे शोध नाही, साधना नाही. आहे तो निव्वळ योगायोग. परंतु कथेचा खरा अर्थ पुढे आहे. गुहेत मिळालेले धन निवृत्तिनाथांनी आपल्यापाशी ठेविले नाही. ते त्यांनी धाकट्या भावास दिले. ज्ञानेश्वरांना गुरूसाठी कोठेही जावे लागले नाही. तो त्यांच्या घरातच होता. 1290 साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची ही परंपरा ज्ञानेश्वरांनी आदराने सांगितली आहे.

नामदेवांची गोष्ट ह्याच्या अगदी उलट आहे. पांडुरंग आपल्याशी बोलतो, अशी ज्यांची ख्याती, त्यांस गुरूची काय गरज? संतमंडळी गोरोबा कुंभारांच्या घरी जमली असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी मडकी पारखण्याचे थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटून पाहिले. इतर संत स्वस्थ बसले. नामदेवांस मात्र राग आला, आणि हे मडके कच्चे असा निर्णय झाला. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गेले, तर त्यानेही त्यांस विसोबा खेचरांकडे धाडले. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी दोष देताच, जेथे देव नसेल तेथे हे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले. तशी जागा नामदेवांस सापडली नाही. आपणास सर्व समजले आहे ही भावना गळून पडली, तीच त्यांची गुरुभेट.

एकनाथ (1533–1599) हे तर लहानपणीच गुरूच्या शोधात पैठणहून निघाले व देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे आले. स्वामी संन्यासी नव्हते. ते किल्ल्याचा कारभार पाहणारे गृहस्थ होते. तेथे एकनाथांस मंत्रोपदेशापूर्वी वर्षानुवर्षे सेवा व हिशेबाचे काम मिळाले. एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागून काढली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही कथा सर्वश्रुत आहे. एवढी एकाग्रता ईश्वराच्या ठायी लागली तर काय होईल, हे स्वामींनी त्याच क्षणी दाखवून दिले. शिक्षण पुरे होताच त्यांनी शिष्यास तीर्थयात्रेस पाठविले, आणि पुढे पैठणास राहून गृहस्थाश्रम करण्याची आज्ञा केली.

तुकोबांस गुरू भेटला तो स्वप्नात. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, आणि त्या दुःखातून त्यांचे मन विठ्ठलाकडे वळले. स्नानास जाताना बाबाजी चैतन्य भेटले, मस्तकी हात ठेविला व ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र दिला, असे तुकोबा आपल्या अभंगात सांगतात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार ही तिथीही त्यांनी नोंदविली आहे. गुरूंनी भोजनास थोडे तूप मागितले, त्याचाही स्वप्नात विसर पडला, ही रुखरुख ते लपवीत नाहीत.

परंतु गुरुभेटीची किंमत कोणास सर्वांत अधिक द्यावी लागली असेल, तर ती बहिणाबाईंस (1628–1700). वेरुळाजवळच्या देवगावी ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला, आणि अजाण वयात एका प्रौढ बिजवराशी लग्न झाले. कोल्हापुरास असता कीर्तनातून तुकोबांचे अभंग कानी पडले, त्यांचा ध्यास लागला आणि तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला. शूद्र मानलेल्या पुरुषास ब्राह्मण स्त्रीने गुरू करावे, हे पतीस असह्य झाले. मारहाण झाली, घर सोडून जाण्यापर्यंत त्यांची मजल गेली. पुढे आजारपणात त्यांचे मन पालटले व दोघे देहूस आले. तेथेही मंबाजीच्या छळास त्यांना तोंड द्यावे लागले. हे सर्व बहिणाबाईंनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगितले आहे. त्यांनी संसार टाकला नाही, पतिसेवा सोडली नाही, पण गुरूही सोडला नाही. गुरू निवडण्याचा अधिकार स्त्रीसही आहे, हे त्यांनी वादाने नव्हे, सोसून सिद्ध केले.

ह्या पाचही कथांत भेटीची रीत निराळी आहे, पण एक गोष्ट समान आहे. कोणत्याही गुरूने शिष्यास आपल्याभोवती बांधून ठेविले नाही. जनार्दनस्वामींनी एकनाथांस घरी पाठविले. नामदेव कीर्तनाकडे परतले व त्यांची वाणी पंजाबापर्यंत पोहोचली. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची 61 पदे आहेत. बाबाजी तर एका स्वप्नापुरते आले आणि गेले.

समर्थ रामदासांनीही दासबोधात ह्याच बाबतीत सावध केले आहे. चमत्कार दाखविणाऱ्यास लोक गुरू म्हणतात, पण तो मोक्षाचा गुरू नव्हे; आणि जो शिष्यास साधनेस लावीत नाही, इंद्रियदमन शिकवीत नाही, असा गुरू कवडीमोलाने मिळाला तरी टाकावा, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. त्याच ग्रंथात त्यांनी शिष्याचीही लक्षणे सांगितली आहेत, हे विसरता कामा नये. पारख दोन्ही बाजूंची व्हावयास हवी.

म्हणून घरातील कोणी गुरूच्या शोधात निघाले, तर भेट कोणत्या अद्भुत रीतीने झाली, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. भेटीनंतर त्या माणसाचा अहंकार उणा झाला की वाढला, घरच्यांशी व शेजाऱ्यांशी त्याचे वागणे निवळले की बिघडले, आणि गुरू त्यास स्वतःच्या पायांवर उभे करीत आहे की आपल्या पायांशी खिळवून ठेवीत आहे, हे पाहावे. त्यास वेळ लागतो. पण एकनाथांसही वर्षानुवर्षे लागली होती.