चिपळूणच्या गाडीचा विमा

शोरूमच्या कोटेशनवर एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी, फास्टॅग असं सगळं सुटं सुटं लिहिलेलं असतं. विम्याची मात्र एकच ओळ आणि एकच आकडा. धाकट्या बहिणीने चिपळुणात आठ लाखांची पेट्रोल गाडी ठरवली, तेव्हा आम्ही पहिल्यांदा तो आकडा फोडून मागितला. प्रत्येकाने मागावा. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती कुणाला करता येत नाही, आणि बाहेरचा दर दाखवला की आतला दर उतरतो.

तो कागद घेऊन आम्ही गावातल्या एका जुन्या विमा सल्लागार काकांकडे बसलो. थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या, ओळीवर काका थांबलेच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला ती तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते. तिचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १०,६४० रुपये, वर जीएसटी. कंपनी कुठलीही असो, रक्कम तीच. आपल्या गाडीखाली कुणाचा जीव गेला तर त्या भरपाईला वरची मर्यादा नाही, म्हणून या ओळीबद्दल कुरकुर करू नये.

खरा निर्णय ‘ओन डॅमेज’मध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि तिथे आधी बघायची ती आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर हीच रक्कम मिळते. नव्या गाडीला पाच टक्के घसारा धरून आमची यायला हवी होती ७,६०,०००. सर्वांत स्वस्त कोटेशनवर ती होती ७,१०,०००. हप्त्यात वाचणार होते हजारभर रुपये आणि गाडी गेली तर बुडणार होते पन्नास हजार. स्वस्ताई बहुतेक वेळा इथूनच आलेली असते.

“ताई, मी पाच वर्षांत एकदाही क्लेम केला नाही. मग ही झिरो डेप कशाला?” बहिणीने विचारलं. काकांनी बंपरचं उदाहरण दिलं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांचे निम्मेच पैसे मिळतात, गाडी कालच घेतलेली असली तरी. आजच्या गाडीचा पुढचा भाग बघा, पत्रा कितीसा असतो? झिरो डेपमध्ये ही कपात होत नाही. ती ठेवली. पण तिच्या त्या वाक्यातूनच मोठी बचत निघाली. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, आणि नो क्लेम बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तिची जुनी गाडी विकली गेली होती. जुन्या विमा कंपनीचं पत्र आणलं की सूट नव्या गाडीला लागू. शोरूमच्या कोटेशनवर या सवलतीचा उल्लेखच नव्हता.

मग आली इंजिनाच्या जादा कवचाची ओळ. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हाचे क्लेम काकांनी हाताळलेले. पुराने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसतं. सीट, वायरिंग, आतली साफसफाई, सगळं. पण पाणी ओसरल्यावर लोकांनी घाईने किल्ली फिरवली. पाणी सिलिंडरमध्ये होतं, कनेक्टिंग रॉड वाकले, आणि तेवढ्या इंजिनाचे पैसे नाकारले गेले. “गाडी भिजली तो पूर. भिजलेली गाडी चालू केली ते आपण,” काका म्हणाले. बहिणीचं घर नदीपासून चालत पाच मिनिटांवर. इंजिनाचं असं नुकसान भरून देणारं हे जादा कवच तिला हवंच. उंचावर राहणाऱ्या माणसाला मी आग्रह धरणार नाही. आणि ते घेतलं तरी भिजलेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही, टोइंग करून न्यायची.

रिटर्न टू इनव्हॉइसवर, म्हणजे गाडी गेली तर आयडीव्हीऐवजी कर-नोंदणीसकट मूळ किंमत देणाऱ्या कवचावर, आम्ही बराच वेळ घुटमळलो. आयडीव्हीत रस्ता कर येत नाही. अकरा टक्क्यांनी तो ८८ हजार, घसाऱ्याचे चाळीस हजार, शिवाय नोंदणी. म्हणजे गाडी पहिल्याच वर्षी गेली तर सव्वा लाखाहून जास्त तूट. रोखीने गाडी घेणारा हे सोसू शकेल. बहिणीचं कर्ज जवळपास ऑन-रोड किमतीइतकं. विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, आणि गाडी नसताना हप्ते भरत राहायची पाळी येऊ शकते. म्हणून घेतलं.

बाकीचं पटपट उडालं. किल्ली, गाडीतलं सामान, टायर: हे नुकसान खिशातून भरता येतं. रस्त्यावरची मदत गाडीच्या कंपनीकडून फुकट होतीच. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तिने आधीच स्वतंत्र घेतलेला, तसं लिहून दिलं आणि ती ओळ कमी झाली.

बोनसमुळे एकूण रक्कम शोरूमच्या आकड्यापेक्षा खालीच आली. थर्ड पार्टी तीन वर्षांची असली तरी ओन डॅमेज सहसा एकाच वर्षाचं असतं. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कंपनीकडे नेता येतं. तेव्हा जादा कवचं आपोआप पुढे येत नाहीत. इंजिनाची ओळ दर नूतनीकरणाला नाव घेऊन मागावी लागते.