संरक्षक पटल, मोटारगाडीच्या रंगावरील
मोटारगाडीच्या पत्र्यावरील रंगलेपाचे उडणारे खडे, वाळू, ओरखडे व डाग यांपासून रक्षण व्हावे म्हणून त्यावर चिकटविण्यात येणारी पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ पत्री. व्यवहारात तिला ‘पीपीएफ’ किंवा नुसते ‘फिल्म’ म्हणतात. काचेवर उन्हासाठी लावतात ती फिल्म निराळी. पटल एकदा लावले की गाडीकडे पाहावयास नको, असा समज रूढ आहे. वस्तुतः पटल हे रंगाऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेले असते आणि ते किती लवकर झिजेल, हे मुख्यतः गाडी पुसण्याच्या रीतीवर अवलंबून असते. कोळसा, सिमेंट, लोहखनिज आणि जंगलातील मुरमाचे रस्ते यांची धूळ जेथे एकाच प्रवासात गाडीवर बसू शकते, त्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे प्रत्ययास येते.

अशा पटलाचा उगम लष्करी आहे. व्हिएटनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्यांची वाळूने होणारी झीज थांबविण्यासाठी अमेरिकेत पॉलियुरेथेनाचे पटल वापरण्यात आले. पुढे ते शर्यतीच्या व नंतर खाजगी मोटारगाड्यांवर आले. आरंभीची पटले काही वर्षांतच पिवळी पडत. ज्याच्या रेणूंत बेंझिनासारखी वलये असतात, असे पॉलियुरेथेन जंबुपार किरणांनी पिवळे पडते. म्हणून आता अशी वलये नसलेले, तापविल्यास मऊ होणारे पॉलियुरेथेन वापरतात. बाजारात पॉलिव्हिनिल क्लोराइडाचे स्वस्त पटलही मिळते. त्याला लवचिकपणा आणण्यासाठी घातलेले द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जाते व पटल आकसते, कडक होते. चंद्रपुरात मे महिन्यात तापमान अनेकदा ४५° से.च्या वर जाते. अशा हवामानात हे स्वस्त पटल शेवटी महागच पडते.

चांगल्या पटलाची जाडी सु. १५० ते २०० मायक्रोमीटर असते. कारखान्यातून येणाऱ्या गाडीचे रंगाचे सर्व थर मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रोमीटर भरतात. म्हणजे पटल बहुधा रंगापेक्षाही जाड असते. त्याच्या खालच्या अंगास आसंजक आणि वरच्या अंगास अतिपातळ लेप असतो. या लेपावरील बारीक रेषा उष्णतेने भरून येतात, कारण ताणली गेलेली रेणुजाळी ऊब मिळताच मूळ स्थितीस परतते. भर उन्हात गडद रंगाचा पत्रा ७०° से.च्या आसपास तापत असल्याने या एका बाबतीत येथील ऊन उपकारकच ठरते. मात्र लेपाच्या खाली गेलेला ओरखडा भरून येत नाही.

पटलाचा खरा उपयोग वेगाने येणाऱ्या खड्यापुढे होतो. मुरमाच्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा रंगाचा टवका काढतो. उघड्या पडलेल्या पत्र्याला गडचिरोलीच्या दीर्घ व ओल्या पावसाळ्यात गंज चढण्यास वेळ लागत नाही. लवचिक पटल तो आघात शोषून घेते. परंतु गाडीवर येऊन नुसत्या बसून राहणाऱ्या पदार्थांविरुद्ध पटल फारसे काही करू शकत नाही. ते वेळेवर काढावेच लागतात.

येथील धूळ एकजिनसी नाही. चंद्रपूर येथील २,९२० मेगॅवॉट क्षमतेच्या औष्णिक विद्युत् केंद्रात दगडी कोळसा जाळला जातो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. उडती राख म्हणजे सिलिका व ॲल्युमिना यांच्या काचसदृश सूक्ष्म गोळ्या होत. घुग्घुस व बल्लारपूर भागांत कोळशाची काळी भुकटी येते. ती मऊ असली तरी तेलकट डाग पाडते. राजुरा व कोरपना तालुक्यांत चुनखडकावर आधारलेले सिमेंटचे कारखाने आहेत. सिमेंटची धूळ दवाने भिजली की क्षारीय होते व वाळून पापुद्र्यासारखी घट्ट बसते. पूर्वेस एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजाची तांबडी धूळ मालमोटारींच्या वाटेवर दूरपर्यंत पसरते. हेमॅटाइट काचेइतके किंवा त्याहून कठीण असते. ताडोबाच्या जंगलवाटांवरील मातीत क्वॉर्ट्‌झचे कण असतात व ते या सर्वांत कठीण होत.

यामुळे सकाळी कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झाडूने गाडी झटकण्याची जी सार्वत्रिक सवय आहे, तीच पटलाची सर्वांत मोठी शत्रू ठरते. फडक्यात अडकलेले कण काचकागदासारखे काम करतात. झटकलेली गाडी त्या दिवशी स्वच्छ दिसते, म्हणूनच ही सवय सुटत नाही. योग्य रीत अशी : गाडी सावलीत उभी करून पत्रा निवू द्यावा, वरून खाली भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग उदासीन (सामू सु. ७) साबणद्रवाने, मऊ हातमोज्याने, न रगडता धुवावे. साबणाची बादली व मोजा खळबळण्याची बादली वेगळी ठेवावी. चाके व खालचा भाग शेवटी घ्यावा. सिमेंटचा पापुद्रा नखाने किंवा काथ्याने खरवडू नये. पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने तो मऊ करून लगेच भरपूर पाण्याने धुवावा.

पाण्याचाही विचार करावा लागतो. चुनखडकाच्या प्रदेशातील विंधनविहिरींचे पाणी जड असते. त्याचे थेंब पटलावर सुकले, की क्षारांची पांढरी वर्तुळे उरतात. काही हातपंपांच्या लोहयुक्त पाण्याने तांबूस छटा येते. म्हणून धुतल्यावर गाडी वाळू न देता मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्यावी. पावसाचे साठविलेले पाणी मिळाल्यास अखेरच्या धुण्यास तेच उत्तम.

जंगलात झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर पडणारे पदार्थ ओळखून काढावे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मोहाची फुले साखरेने भरलेली असतात; त्यांचा रस कोमट पाण्याने सुटतो. (मोसमात मोहाखाली गाडी लावल्याने फुले वेचणाऱ्यांचीही अडचण होते.) धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे त्यावर ओले फडके अर्धा तास ठेवले तरी पुरते. सालईच्या स्रावात डिंकाबरोबर राळही असल्याने केवळ पाणी पुरत नाही. पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहॉल हलक्या हाताने लावावे लागते. पक्ष्यांच्या विष्ठेतील यूरिक अम्ल उन्हात काही तासांतच लेपावर डाग उमटविते. आग्यामाश्यांच्या विष्ठेचे पिवळे ठिपके परागकणांच्या टरफलांचे असतात. तेही भिजवूनच काढावेत. रात्रीच्या प्रवासात पुढील भागावर चिरडलेले कीटक दुसऱ्या दिवसाच्या उन्हापूर्वी धुतलेले बरे.

चमक यावी म्हणून रॉकेल किंवा डिझेलचे फडके फिरविण्याची रीत साध्या रंगालाही हितावह नाही. पटलाचा वरचा लेप त्याने फुगतो व कडांचे आसंजक सैल होते. डांबराच्या ठिपक्यांसाठी पेट्रोल व थिनर हेही टाळावेत. खरवडणारे पॉलिश वापरू नये.

नवे पटल साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवितात. आत राहिलेला ओलावा हळूहळू उडून जातो. तोवर, म्हणजे सु. एक आठवडा, गाडी धुऊ नये. पावसाळ्यात हा काळ लांबतो. या काळात दिसणारे बारीक फुगे टाचणीने फोडण्याचा मोह आवरावा. दाबयुक्त पाण्याचा झोत कडांपासून दूर व तिरपा ठेवावा. कड एकदा उचलली गेली की तिच्याखाली राख व माती शिरते आणि ती पुन्हा नीट चिकटत नाही. तेवढा तुकडाच बदलावा लागतो. ओल्या किंवा धुळकट गाडीवर ताडपत्री घालणे न घालण्यापेक्षा वाईट.

पटलाखाली आधीपासून गंज असेल, तर तो थांबत नाही, फक्त दृष्टीआड होतो. म्हणून लावण्यापूर्वी पत्र्याची तपासणी आवश्यक असते. कडक झालेले, तडकू लागलेले पटल ठेवण्यात लाभ नाही. ते गरम हवेने मऊ करून, पत्र्याशी लहान कोन राखून सावकाश ओढावे. मूळ कारखान्याचा रंग सहसा टिकून राहतो. स्थानिक गॅरेजमध्ये पुन्हा रंगविलेल्या भागावरून मात्र पटलाबरोबर रंगही सुटून येण्याची शक्यता असते.