जोडलेले हात, तारा एकच

पैसे पाठवण्याच्या एका अ‍ॅपवर लोक जे रिव्ह्यू लिहितात, ते वाचून त्यांना टॅग लावणं हे माझं काम. रोज सकाळी नव्या रिव्ह्यूंची शीट उतरवून घ्यायची आणि प्रत्येक ओळीपुढे दोन खुणा करायच्या. पहिली, तक्रार कशाची आहे: लॉगिन, ओटीपी, अडकलेले पैसे की अ‍ॅप मधेच बंद पडणं. दुसरी, माणूस खूश आहे, नाराज आहे की नुसतं विचारतोय. याच खुणांवरून पुढे मशीन शिकतं आणि बाकीच्या ढीगभर रिव्ह्यूंचा कल डॅशबोर्डवर दाखवतं.

आमच्याकडे कितीतरी लोक मराठी रोमन लिपीत लिहितात. एकच ‘नाही’ पाच तऱ्हांनी येतो. काही ओळींत मराठी, हिंदी, इंग्रजी एकत्र असतात. अशा ओळीपाशी मशीन चाचपडतं. तिथे सगळ्यांचा सारखा असतो तो इमोजी, म्हणून मी आधी त्याच्याकडे बघते.

सर्वांत जास्त वेळ थांबावं लागतं ते जोडलेल्या हातांपाशी. खात्यातून पैसे कापले गेले, समोरच्याला मिळाले नाहीत, मुलाच्या फीची आज शेवटची तारीख, आणि वाक्याच्या शेवटी ओळीने जोडलेले हात. तारा एकच. ही गयावया आहे. पण २०१५ साली स्लोव्हेनियातल्या योझेफ श्टेफान संस्थेच्या संशोधकांनी इमोजींची जी भावनिक क्रमवारी प्रसिद्ध केली, तिच्यात जोडलेले हात चांगल्यापैकी सकारात्मक आहेत. हसता हसता डोळ्यांत पाणी आलेला चेहराही सकारात्मकच. १३ युरोपीय भाषांतल्या सुमारे १६ लाख ट्वीटांना ८३ माणसांनी लेबलं लावली आणि त्यावरून ७५१ इमोजींना गुण मिळाले. काम प्रचंड मेहनतीचं आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. तरी ते गुण जसेच्या तसे आमच्या शीटवर चालवले, की पैसे अडकलेला माणूस ‘समाधानी’च्या रकान्यात जाऊन बसतो आणि त्याची तक्रार कोणी उघडतही नाही.

हसऱ्या चेहऱ्याचं असंच. ‘काय भारी अपडेट आणलंय’ असे शब्द, पुढे पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे. शब्द कौतुकाचे, इमोजी आनंदाचा. खरं काय ते एकटा तारा सांगतो. उलटंही होतं. तारे पाच, कारण देणाऱ्याला वाटतं की पाच दिले तर आपलं म्हणणं वाचलं जाईल; मजकूर दोन शब्दांचा, आणि शेवटी रडका चेहरा. इथे ताऱ्यांवर विश्वास ठेवला तर फसायला होतं, खरं बोलतो तो इमोजी. म्हणून तारा, मजकूर आणि इमोजी एकत्र वाचल्याशिवाय मी खूण करत नाही. एकच ओळ मी आणि माझी सहकारी वेगवेगळ्या टॅग करतो आणि मग पडताळतो. आमचे मतभेद होतात ते बहुतेक इमोजीवरच, आणि त्या चर्चेतून जे कळतं ते कुठल्याही तयार यादीत सापडत नाही.

मशीनकडे देण्याआधी मजकूर ‘साफ’ करतात, त्या पायरीवरही जपावं लागतं. इमोजी दिसतो एक, पण आत अनेकदा दोन-तीन संकेतांक असतात. २०१५च्या युनिकोड ८.०पासून त्वचेच्या पाच छटा आल्या. गव्हाळ रंगाचे जोडलेले हात म्हणजे हात वेगळे आणि छटा वेगळी. कुटुंबाच्या काही चित्रांत आई, बाबा, मूल हे एका अदृश्य जोडचिन्हाने बांधलेले असतात. काही कीबोर्ड मराठीतला ‘दऱ्या’ लिहिताना हेच चिन्ह वापरतात. फालतू समजून ते पुसलं, की कुटुंब विखुरतं आणि डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. विरामचिन्हांबरोबर इमोजीच काढून टाकणारे प्रोग्रॅम तर सर्रास वापरले जातात. माझ्या मते ती सर्वांत महागात पडणारी सफाई आहे.

प्ले स्टोअरवर रिव्ह्यूला उत्तर द्यायला ३५० अक्षरं मिळतात. तेवढ्यात दिलासा आणि पुढची पायरी दोन्ही बसवायची. नंतर तोच माणूस कधी रिव्ह्यू बदलतो. एकाचे चार तारे होतात, मजकूर तसाच राहतो, फक्त शेवटी उंचावलेला अंगठा येतो. काम झालं हे त्या अंगठ्यावरून कळतं.

अ‍ॅप बनवणाऱ्यांनी निदान एवढं करावं: एक तारा आणि जोडलेले हात एकत्र दिसले, की ती ओळ मशीनवर न सोडता त्याच दिवशी माणसाने वाचावी. आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनो, इमोजी जरूर टाका, पण फोन कोणता, अ‍ॅपची आवृत्ती कोणती आणि कुठल्या पायरीवर अडलं, हेही एका ओळीत लिहा. मोबाईल नंबर किंवा खाते क्रमांक मात्र तिथे कधीही देऊ नका. तो रिव्ह्यू कोणालाही वाचता येतो.